बुडालेली माडाची बाग

कलाबारहून ओरोनला जाणाऱ्या बोटीत पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी माडाची बाग बुडाली आहे.

नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, कॅमेरूनच्या सरहद्दीजवळ, क्रॉस नदी समुद्राला मिळते. अलीकडे कलाबार, पलीकडे ओरोन, मध्ये पाऊण-एक तासाचं गढूळ पाणी. फायबरची बोट, मागे यामाहाचं इंजिन, अंगात कुणाच्या तरी घामाचा वास असलेलं नारिंगी जॅकेट. धक्का मागे पडला आणि काठावर झावळ्या सुरू झाल्या. झावळ्याच झावळ्या, थेट चिखलातून वर आलेल्या, तीन-चार पुरुष उंच. मी वेंगुर्ल्याचा. झावळी दिसली की माझी नजर आपोआप बुंध्याकडे घसरते. माड किती जुना, सरळ की वाकडा, चढायला खाचा पाडल्यात का, हे बघायची लहानपणापासूनची खोड. इथे नजर खाली न्यावी तर चिखल. जणू सगळ्या माडांना कुणी गळ्यापर्यंत गाडून ठेवलेलं.

बोटवाल्याला विचारलं, हे कसलं झाड?

“निपा,” तो म्हणाला आणि पाण्यात थुंकला.

मला वाटलं, तंबाखू असेल. पुढे चार वर्षं त्या खाडीत जा-ये केली तेव्हा लक्षात आलं, तो तंबाखू खात नव्हता.

मी तिकडे एका कारखान्यात देखभालीच्या कामावर होतो. जनरेटर, बॉयलर, पंप. रविवारी सुट्टी, आणि सुट्टीत करण्यासारखं फारसं काही नाही. क्रिकेट नाही, मराठी माणूस नाही, इंटरनेट मनात आलं तर येणारं. म्हणून मी खाडीवर जायचो. तिथले लोक माझ्यासारख्याला ‘ओयिबो’ म्हणतात, म्हणजे परदेशी गोरा. मी गोरा कुठल्या कोनातून दिसतो ते त्यांनाच ठाऊक, पण चार वर्षं ती पदवी मी मिरवली. आणि ज्या झाडावर माझं मन बसलं तेही तिथलं ओयिबोच निघालं.

निपाला बुंधा असतो, पण तो आडवा, चिखलाच्या पोटात. पुढे सरकता सरकता त्याला दोन फाटे फुटतात, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन. आल्याचा गड्डा वाढत जातो तसं काहीसं, फक्त माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचं. त्यातून वर येतात नुसत्या झावळ्या, नऊ-नऊ मीटरपर्यंत. माडाच्या कुळातल्या हजारो जातींत भरती-ओहोटीच्या चिखलात पक्कं बिऱ्हाड केलेला हा एकच. तरी नुसतं खारं पाणी त्याला चालत नाही. नदीचं गोडं पाणी येऊन मिसळतं तिथे तो खरा खूश असतो.

आणि फळ! झावळ्यांच्या मधून एक जाड देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला फुटबॉलएवढा तपकिरी गोळा. जवळून पाहिलं तर तो गोळा म्हणजे एकमेकांना घट्ट चिकटलेली पन्नासेक फळं. प्रत्येक फळ मुठीएवढं, कोनेरी, पॉलिश केल्यासारखं चकचकीत. पिकलं की बी झाडावर असतानाच अंकुरतं, आतला कोंब फळाला ढकलून सुटं करतो आणि ते पाण्यात पडतं. मग ओहोटीबरोबर बाहेर, भरतीबरोबर आत, कुठल्याही चिखलाला टेकलं की झालं. बोटीतून जाताना पाण्यावर कोंब वर करून तरंगणारी अशी फळं मी कितीतरी पाहिली. होड्या निघाल्यात असं वाटायचं.

एका रविवारी मी बोटवाल्याकडून एक कोवळा गोळा तोडून घेतला. धक्क्यावर बसून त्याच्याच कोयत्याने एक फळ उभं चिरलं. साल चिवट, काथ्यासारखी. आत पांढरं, पारदर्शक, बोटाने दाबलं तर थरथरणारं. मी ते अंगठ्याने उपसून तोंडात टाकलं आणि क्षणभर शिरोड्याच्या बाजारात जाऊन आलो. ताडगोळा! थोडा घट्ट, थोडा कमी गोड, पण चव तीच, त्या थंड पाण्यासकट. आजूबाजूच्या पोरांनी बघ्यांची गर्दी केली होती. मी एकाला दिला. त्याने वास घेतला आणि मित्राला दिला. मित्राने तो बोटवाल्याला दिला. बोटवाल्याने मला परत केला.

“माणसं खातात हे?” त्याने विचारलं.

मलेशिया-सिंगापुरात हेच बी साखरेच्या पाकात शिजवून बर्फाच्या गोळ्यावर घालतात, असं मी त्याला सांगितलं. फिलिपिन्समध्ये याच्या झावळ्यांनी घरं शाकारतात, रसाचा सिरका करतात. बोर्निओतल्या सारावाकमध्ये याच्या रसाचा काळसर, किंचित खारट गूळ बनतो, त्याला गुला आपोंग म्हणतात. रसात साखर शेकडा पंधराच्या आसपास, म्हणजे उसाच्या तोंडीस तोंड. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ओगा (म्हणजे साहेब), हे जळणाला पण चालत नाही.”

जळणाचा मुद्दा किरकोळ नव्हता. पण त्याआधी हे झाड तिथे आलं कसं, ते सांगायला हवं.

१९०६ साली सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातून निपाचं बियाणं कलाबारला आलं. १९१२ मध्ये ओरोनला लावलं गेलं. हेतू अगदी सरळ होता: काठ खचतात, मुळांचं जाळं चिखल धरून ठेवील. बंगल्याच्या व्हरांड्यात बसून नदीकडे बघणाऱ्या कुणा साहेबाला ते सुचलं असेल, आणि सुचलं त्यात वाईट काही नव्हतं. तो काळच तसा होता. झाडं साम्राज्याच्या टपालाने फिरत होती. सिंगापूरच्या उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख हेन्री रिडली. मळेवाल्यांच्या मागे लागलागून ‘रबर लावा, रबर लावा’ म्हणणारे, म्हणून लोक त्यांना ‘मॅड रिडली’ म्हणायचे. ब्राझीलचं रबर लंडनमार्गे १८७७ साली सिंगापुरात पोचलं होतं, आणि मलायाचं नशीब त्याने बदललं. एक झाड इकडून उचलायचं, तिकडे ठेवायचं आणि देश श्रीमंत करायचा, हा त्या वेळचा हमखास नुस्खा होता.

यातला सगळ्यात मोठा सौदा मात्र उलट्या दिशेने झाला, आणि तो कलाबारच्या लोकांसमोर काढला की ते हसतात. हसू फार सुखाचं नसतं. तेलताड हा पश्चिम आफ्रिकेचा. या नद्यांना इंग्रज ‘ऑइल रिव्हर्स’ म्हणायचे ते खनिज तेलामुळे नव्हे. ते तेल मिळालं १९५६ मध्ये, पश्चिमेला ओलोइबिरीला. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून इथून जायचं ते लाल पामतेल, लिव्हरपूलला, साबणासाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी. १८८५ साली इंग्रजांनी इथे जे संरक्षित राज्य केलं त्याचं नावच ऑइल रिव्हर्स, आणि त्याचा कारभार चालायचा कलाबारहून. आता या तेलताडाची चार रोपं, फक्त चार, डचांनी १८४८ साली जावातल्या बोगोरच्या उद्यानात लावली. त्यांच्या लेकुरवाळ्या वंशातून आग्नेय आशियातले मळे उभे राहिले. आज जगातलं बहुतेक सगळं पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. आमच्या लहानपणी रेशनवर मिळणारं पामोलिन, ज्यात आईच्या पुऱ्या थंड झाल्यावर टाळ्याला चिकटायच्या, तेही त्याच वंशातलं. आणि नायजेरिया? स्वतःच्या घरचं झाड असून तेल बाहेरून आणतो.

म्हणजे देवाणघेवाण अशी झाली. आग्नेय आशियाला आफ्रिकेचा तेलताड मिळाला, आफ्रिकेला तिकडचा निपा.

माझा बोटवाला याला ‘वाहाला’ म्हणायचा. वाहाला म्हणजे कटकट, लफडं, झंझट, सगळं एकदम.

आता जळण. त्या खाडीची मूळची झाडं म्हणजे खारफुटी, त्यातही मुख्य आपल्या कांदळाचा सख्खा भाऊ. वेंगुर्ला-मालवणकडे खाडीकाठी कांदळ पाहिला असेल त्याला सांगायला नको: चिखलातून कमानीसारखी वर आलेली मुळं, जणू झाड परकर वर धरून पाण्यात उभं आहे. त्या मुळांच्या जाळ्यात माशांची पिल्लं वाढतात, खेकडे राहतात, मुळांना कालवं चिकटतात. कलाबारकडचा कांदळ आपल्यापेक्षा खूपच उंच. त्याचं लाकूड जड, धगधगून जळणारं, आणि त्यावर धुरी दिलेला मासा टिकतो. ओरोनच्या बाजूला मासे धुरावर वाळवायच्या ओट्यांच्या ओळी आहेत. बायका पहाटेपासून धुरात डोळे चोळत बसलेल्या. त्यांना लाकूड लागतं, म्हणून कांदळ तुटतो. कांदळ तुटला की उघडा चिखल राहतो. आणि उघड्या चिखलाची वाट पाहत निपाचं फळ कोंब वर करून भरतीवर येतंच असतं.

एकदा त्याच्या झावळ्या जुळल्या की खाली अंधार. कांदळाच्या शेंगा त्या चिखलात रुजायला बघतात, पण ऊन मिळत नाही. निपाला वर आलेली मुळंच नाहीत, तेव्हा पिल्लांना लपायला जागा नाही, कालवांना चिकटायला काही नाही. खाली नुसता गुळगुळीत चिखल आणि कुजकी झावळी. खनिज तेलासाठी पश्चिमेकडच्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात कालवे खणले, जिथे तेल सांडलं तिथे कांदळ उभाच्या उभा काळा पडून मेला. अशा कितीतरी जागा निपाने घेतल्या. पुढे तो सरहद्द ओलांडून कॅमेरूनच्या खाड्यांतही गेला. ओगोनी भागातल्या बोडोच्या खाडीत २००८ साली तेलगळती झाली, त्यानंतर खूप वर्षांनी तिथे हाताने कांदळाची रोपं लावायला घेतली, तेव्हा निपा आधी उपटावा लागतो हे त्या कामातलंच एक काम झालं.

या सगळ्याचा हिशेब मला बाजारात कळायचा. कलाबारच्या बाजारात एक लांबट, मळसूत्री शिंपला विकतात. आपल्याकडच्या खुब्यांचा दूरचा नातलग म्हणा. टोक फोडलेला असतो, पालेभाजीच्या रश्शात शिंपल्यासकट शिजवतात आणि तोंडाने ओढून मांस खातात. लाल पामतेलाचा तवंग, पाला, सुका मासा आणि मध्ये हे शिंपले. मला सुरुवातीला तो सुर्र असा आवाज काढायला लाज वाटायची. विकणारी बाई डब्याने मापून देई. एकदा डबा जेमतेम भरला म्हणून मी कुरकुर केली, तर ती म्हणाली, निपाखाली काही मिळत नाही, आता लांब जावं लागतं, बोटीचं पेट्रोल कोण देणार? तिला १९०६ ठाऊक नव्हतं. तिच्या हातात मापाचा डबा होता.

तरी मला त्या झाडाबद्दल राग येईना. ज्या झाडातून गूळ निघतो त्याचा राग कोकणी माणसाला कसा यावा? आमच्या वाडीत दाजी होते. भंडारी, माड काढणारे. कमरेला कोयती, मागे भोपळ्याचं भांडं, पायात दोरीचा फास. सकाळ-संध्याकाळ आमच्या परड्यातल्या सहा माडांवर चढून पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, छाटायचे. आम्हाला पेलाभर नीरा मिळायची, उन्हं चढायच्या आत प्यायची, नाहीतर ती माडी होते आणि मग आईचा डोळा वटारतो. मला वाटायचं, माड कापला की रस येतो, त्यात काय?

एका रविवारी मी हा समज कलाबारच्या खाडीत तपासून पाहिला. ओहोटीला बोटवाल्याच्या मदतीने निपात शिरलो. गुडघ्यापर्यंत चिखल, डास, एक चप्पल गमावली. चढायचं नव्हतं, हे मोठं सुख. फळाचा देठ माझ्या कमरेच्या उंचीवर. कोयत्याने फळ छाटलं, देठाचं टोक साफ केलं, प्लास्टिकची बाटली सुतळीने बांधली आणि ऐटीत परत आलो. दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर जाऊन पाहिलं. बाटलीत चमचाभर पाणी, त्यात बुडालेल्या मुंग्या आणि एक गोगलगाय. बोटवाला काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यात बरंच काही होतं.

रात्री वेंगुर्ल्याला फोन लावला. दाजी तेव्हा ऐंशीच्या घरात, माडावर चढणं कधीच सुटलेलं. मी म्हटलं, दाजीनू, रस येत नाही.

“अरे झिला, ठोकल्याशिवाय रस खयसून येतलो?” ते म्हणाले. “पोय बांधूची लागता, रोज ठोकूची लागता. पोराक थोपटतत तशी. तू कोयतो घेऊन गेलंस आणि गळो कापलंस.”

त्यांनी निपा जन्मात पाहिला नव्हता, पण निदान बरोबर होतं. पुढे वाचलं, मलाया आणि बोर्निओत निपाचा देठ कित्येक आठवडे आधीपासून तयार करतात. रोज हलवायचा, वाकवायचा, लाकडाने नाहीतर चक्क टाचेने ठोकायचा. मग कधीतरी फळ छाटायचं, आणि त्यानंतर रोज देठाची पातळ चकती काढत राहायचं. चकती जाड झाली तर देठ लवकर संपतो, फार पातळ झाली तर रस थांबतो. किती ठोकायचं, कधी छाटायचं, चकती केवढी, हे कुठल्याही उद्यानाच्या पत्रव्यवहारात बसण्यासारखं नाही. ते घरात असतं, मनगटात असतं, बाप मुलाला चिखलात उभं करून शिकवतो.

सिंगापूरहून बियाणं आलं, ते लावायची रीतही आली असेल. देठ ठोकणारा कुणी आला नाही. झावळी कधी कापायची आणि मधली कोवळी पानं का राखायची हे ठाऊक असलेला कुणी आला नाही. बीचा मुरंबा करणारी बाई आली नाही. निपाच्या स्वतःच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या असे हजारो हात त्याला सतत कापत, छाटत, पिळत आलेत. तिथेही तो काठचे काठ एकट्याने व्यापतो, पण तिथे त्याचं वाढणं कुणाच्या तरी चुलीपाशी येऊन थांबतं. कलाबारला नुसतं झाड उतरलं, त्याचे सोबती तिकडेच राहिले.

आणि कलाबारवाल्यांनी ते शिकून का घेतलं नाही, असं विचारणंही आगाऊपणाचं. त्यांच्याकडे रॅफियाचा ताड आहे. त्यातून रस काढणारे त्यांचे स्वतःचे दाजी आहेत. संध्याकाळी पांढरी फेसाळ ताडी विकायला बसतात, ती गाळून ओगोगोरो नावाची जबरदस्त दारू होते. रॅफियाच्याच पानांची छपरं होती, पुढे पत्रे आले. घरात सगळं असताना शेजाऱ्याने न विचारता आणून ठेवलेलं कपाट कोण उघडणार? अलीकडे तिकडच्या विद्यापीठांत निपाचं काय करता येईल यावर खटपट चालते: इथेनॉल, पुठ्ठा, खत. होवो बापडं. माझ्या मते त्याला कारखान्याआधी चार जाणते हात लागतील, आणि हाताचं टेंडर निघत नाही.

दिवाळीच्या जेवणाला पोर्ट हारकोर्टहून काही भारतीय कुटुंबं आली होती. त्यात एक बंगाली भूवैज्ञानिक होते, तेलविहिरींतून वर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत परागकण शोधणारे. सूक्ष्मदर्शकाखाली धूळ बघून हा थर किती जुना ते सांगायचं, असं त्यांचं काम. मी निपाबद्दल बडबडत होतो. त्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, “गोलपाता? माझ्या ठाकुमाचं, आजीचं, खुलन्यातलं घर त्यानेच शाकारलेलं होतं.”

सुंदरबनात निपाला गोलपाता म्हणतात. पान गोल मुळीच नाही, लांबलचक झावळी ती. गोल आहे ते फळ. बांगलादेशच्या बाजूला बावाली लोक थंडीत वनखात्याचा परवाना काढून होड्या भरभरून ही पानं आणतात, आणि पटुआखालीकडे थंडीतच त्याच्या रसाचा गूळ करतात. चव खारट-गोड, असं त्यांनी डोळे मिटून सांगितलं. भारताच्या बाजूच्या सुंदरबनात मात्र गोडं पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि गोलपाता विरळ झाला. मी म्हटलं, इकडे लोक उपटून टाकतायत. ते म्हणाले, सिंगापुरात तर तो आता धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे. ज्या गावाने पाठवला त्याच गावात!

मग त्यांनी खरा बॉम्ब टाकला. “पण तुम्ही त्याला परदेशी म्हणता ते कुठल्या हिशेबाने? माझ्या नमुन्यांत त्याचे पराग मिळतात. इथल्याच, नायजर त्रिभुजाखालच्या थरांत.”

पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी निपा इथे होता. इथेच काय, दक्षिण अमेरिकेत होता, लंडनजवळच्या शेपी बेटावर होता. तिथल्या चिकणमातीत त्याची दगड झालेली फळं ढिगाने मिळतात. जग गरम होतं, ध्रुवांपर्यंत हिरवं होतं. इओसीन युग संपता संपता थंडी आली आणि आफ्रिकेतून तो नाहीसा झाला. १९०६ मध्ये जे आलं ते मूळ घराच्या जोत्यावर आलं. खाडीच्या तळाशी त्याचे पराग, वर त्याचा कोंब, आणि मध्ये साडेतीन कोटी वर्षांचा चिखल.

“आणि तुमच्याकडेही होता,” ते म्हणाले. छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचं गाव आहे, नागपूरपासून फार लांब नाही. तिथे दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात निपाची फळं दगड होऊन सापडली आहेत. म्हणजे सह्याद्रीचा काळा फत्तर ओतला जात होता, त्या मधल्या शांततेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आता समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या त्या जागी निपा कोंब वर करून तरंगत होता.

मी रात्रभर त्यावर विचार केला. मग ती बाजारातली बाई आठवली. साडेतीन कोटी वर्षं गैरहजर असलेल्याचा सात-बारा चालतो का, असं तिला विचारलं असतं तर तिने डबा माझ्या डोक्यात घातला असता. आणि तिचंच बरोबर होतं असं मला वाटतं. तिच्या हयातीत कांदळ होता, शिंपले जवळ मिळत होते, आता मिळत नाहीत.

निघायच्या आठवड्यात बोटवाल्याने मला भेट आणली: एक पिकलेलं निपाचं फळ, वरून बोटभर कोंब आलेला. “ओगा, तुला आवडतं ना, घेऊन जा. सगळीच घेऊन जा.” आम्ही दोघंही हसलो.

फळ खोलीत टेबलावर दोन दिवस होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दोन रात्रींत मी पूर्ण योजना आखली होती. आमच्या घरामागे खाडीचा एक फाटा येतो, पावसाळ्यात गोडं पाणी मिळतं, काठ दरवर्षी खचतो. तिथे हे लावलं तर काठ धरील. झावळ्या मिळतील. दाजींच्या नातवाला सांगता येईल, चढायला नको, नुसतं चिखलात उभं राहा. कपड्यांत गुंडाळलं तर बॅगेत दिसणार नाही. परदेशी बियाणं असं आणायला आपल्याकडे २००३ चा स्पष्ट मनाई करणारा आदेश आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी मोज्यांच्या जोडीत ते बसतं का हे बघत होतो. बसत होतं.

तिसऱ्या दिवशी मी कोंब कापून टाकला, फळ कुकरमध्ये घातलं आणि सहा शिट्ट्या घेतल्या. स्वयंपाकघरात उकडलेल्या नारळाच्या शेंडीसारखा वास भरला. मग दोन दिवस जनरेटरच्या खोलीत वाळवलं.

आता ते पुण्यात माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतं, चकाकी गेलेलं, एका बाजूला तडकलेलं. गेल्या मे महिन्यात दाजींचा नातू आला होता. दाजी जाऊन आता पाच वर्षं झाली. आमच्या परड्यातल्या माडांवर कुणी चढत नाही, नारळ आपोआप पडतात, पत्रे फुटतात. हा पोरगा मुंबईला एसी दुरुस्त करतो. त्याने ते फळ हातात घेतलं, फिरवलं, नखाने टोकरलं.

“काका, ह्या कसला बी? खाडीकडे लावया?”

“शिजवलंय ते,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, फळाकडे बघितलं, आणि वास घेऊन परत कागदांवर ठेवलं.